तारेपलीकडचा घास

हरणी, बडोदे
३ ऑक्टोबर १९९१

श्री. शरच्चंद्रराव यांस,

नमस्कार. हाताच्या सवयीने 'सप्रेम' लिहून गेलो होतो. तो शब्द खोडण्यापेक्षा नवा कागद घेतला.

हरणीहून छाणीला पत्र टाकणे हसण्यासारखे आहे हे मला कळते. सायकलवर निघालो तरी पोस्टमनच्या आधी पोहोचेन. पण निरुपमाच्या दहाव्याला, 'या माणसाचे पुन्हा तोंड पाहायचे नाही', असे आपणच चार माणसांत म्हणाला होतात. काल तेच तोंड पाहायला आपण सावली गावाच्या रस्त्यावर आमच्या उद्यानाच्या फाटकापर्यंत आलात. त्यानंतर जे घडले ते लेखी सांगतो. लेखी असले की शब्द फिरवता येत नाहीत.

आमचे उद्यान म्हणजे कमाटीबाग नव्हे. इथे छोटी आगगाडी नाही, भेळ नाही. एक तळे, त्याभोवती तारेच्या कुंपणात भाताची खाचरे, आणि उत्तरायणात पतंगाच्या मांज्याने पंख कापलेल्या पक्ष्यांचे पिंजरे. सगळे पक्षी इथलेच, देशी. रिफायनरीतली नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी मी तिथे मानद पर्यवेक्षक असतो. मी अकरावी पास आहे. पक्षी मला कोणी शिकवलेले नाहीत, मी ते उन्हात उभा राहून शिकलो.

काल गांधी जयंतीची सुट्टी होती आणि अविधवा नवमीही. माझी बहीण आपल्या आधी गेली म्हणून तिचा हा दिवस, आणि वर्षश्राद्धानंतरची ही पहिलीच नवमी, हे सांगायला मला पंचांग लागत नाही. आपण आणि चारुलता पितळी डबा घेऊन आलात. फाटकावर मराठी आणि गुजराती पाटी आहे, अक्षरे मी स्वतः रंगवली आहेत: खाण्याचे पदार्थ आत नेऊ नयेत. मी डबा उघडायला लावला. केळीच्या पानाच्या तुकड्यावर वडे, खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. कावळ्याला घास ठेवायचा आहे, असे आपण म्हणालात. मी नाही म्हणालो. गाठियाचे पुडे घेऊन येणाऱ्या शेठांनाही मी तेच सांगतो. आपण परत फिरलात, निदान मी तसे समजलो.

दुपारी सुनंदाने घरून आणून दिलेला डबा खाऊन मी हात धूत होतो, तेव्हा तळ्याकडून कावळ्यांचा कालवा ऐकू आला.

आमच्याकडे सारसांची एक जोडी आहे. ऑगस्टच्या पुरात त्यांचे पहिले घरटे वाहून गेले. त्यांनी खाचरात पुन्हा लव्हाळ्याचा ढीग रचला, दोन अंडी घातली, आणि नर-मादी आळीपाळीने बसत होती. पिल्ले बाहेर यायला आठवडा उरला असेल. आपले पान मला नेमके त्या घरट्यासमोरच्या मातीच्या पाळीवर, तारेच्या आत मिळाले. पानावर कावळ्यांची झुंबड. त्यांना हाकलायला नर धावला, मग मादीही उठली, आणि मागून दुसरे कावळे घरट्यावर उतरले. मी पोहोचलो तेव्हा ढिगावर नुसती टरफले होती. दोन्ही सारस बाजूला उभे होते. ओरडत नव्हते. नुसते उभे.

फाटकाबाहेर उंबर आहे, त्यावर दिवसभर कावळे असतात. घासच ठेवायचा असता तर तिथे ठेवता आला असता. तारेच्या आत, घरट्यासमोर, ही जागा माणूस एकाच हेतूने निवडतो. राग माझ्यावर होता तर माझ्यावर काढायचा होता. मला चोच नाही, पण मी उत्तर देऊ शकलो असतो.

ट्रस्टचे अध्यक्ष बळवंतराव यांनी रविवारी १३ तारखेच्या सभेसाठी माझ्याकडून अहवाल मागितला आहे. तिथून तक्रार वन खात्याकडे जाईल. आपण रेल्वेचे माणूस, निवृत्ती जवळ आलेली. गुन्हा नोंदला गेला तर काय होते हे आपणास माझ्याहून जास्त ठाऊक. लेखी कबुली आणि माफी आली तर मी तक्रारीचा आग्रह धरणार नाही. इतपत नाते मी अजून मानतो.

विश्वंभर

•

छाणी
५ ऑक्टोबर

विश्वंभरराव,

पत्र मिळाले. खाडाखोड झाली म्हणून मी कागद बदलत नाही, तशीच वाचा.

तुमच्या तळ्यावर मी घास ठेवला नाही. खरे म्हणजे उत्तर एवढेच. पण तुम्ही फाटकावरचे इतके बारीक लिहिलेत की राहिलेले मी लिहितो.

डबा उघडायला लावून तुम्ही तो नाकाशी नेलात. मागे रांगेतल्या बाया 'शुं छे, शुं छे' करत माना लांब करत होत्या. मी तुमच्याजवळ येऊन म्हणालो, 'दादा, निरूचा घास आहे.' लग्न झाल्यापासून मी तुम्हाला दादा म्हणालो नव्हतो. तुम्ही मला कधी तशी जागा दिली नाहीत. परवा म्हणालो. आणि तुम्ही सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, 'हे पक्ष्यांचे उद्यान आहे, घाट नाही.'

हे वाक्य तुमच्या पत्रात नाही. आमसुलाची चटणी आहे.

घाटाचे तुम्हीच काढलेत म्हणून सांगतो. दहाव्याला पिंड ठेवला तेव्हा कावळे झाडावर होते आणि उतरत नव्हते. चारू हात जोडून म्हणाली, आई, मी शिकणे सोडणार नाही. माझी बहीण शालिनी म्हणाली, चारूचे मी बघेन. नवऱ्याने जे म्हणायचे ते मी म्हणालो. मग सगळे तुमच्याकडे बघायला लागले. पाठचा भाऊ नव्हे, पाठीशी असलेला थोरला भाऊ. तुम्ही काय केलेत? गुरुजींना बाजूला घेऊन सांगितलेत की हा घरकावळा, राखी मानेचा, या वेळेला त्याचे पोट उकिरड्यावर भरलेले असते, म्हणून तो उतरत नाही, यात आत्म्याचा काही संबंध नाही. गुरुजी 'बरं बरं' म्हणाले. ऊन चढले. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. माझी बायको गवताच्या कावळ्यावर गेली, विश्वंभरराव. त्या दिवसापासून मी पोटभर जेवलेलो नाही असे म्हटले तर तुम्ही मला कॅलरी सांगाल.

तिला काय हवे होते ते त्या घाटावर तुम्हाला ठाऊक होते. मी ते इथे लिहिणार नाही. आठवण करून देणे हे माझे काम नाही.

अंडी गेली त्याचे वाईट वाटले असे लिहिणार होतो. पण तुमच्या पत्रात निरूपेक्षा सारसांना जास्त जागा आहे, ते वाचून लिहवत नाही. माफी मागायला मी काही केलेले नाही. तक्रार खुशाल करा.

शरच्चंद्र

•

हरणी
८ ऑक्टोबर

श्री. शरच्चंद्रराव यांस,

फाटकावर ते वाक्य मी बोललो. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. एकाला सोडले की दुसऱ्याला अडवता येत नाही, आणि पहिला माझा मेहुणा असेल तर मुळीच नाही. दर्भाच्या कावळ्याला शास्त्राची संमती आहे, त्यात निरुपमाचे काही कमी झालेले नाही. कोडी मात्र घालू नयेत. निरुपमाने माझ्याकडे कधी काही मागितले नाही. माहेरी येताना स्वतःची उशी घेऊन येणारी मुलगी ती.

आता पुराव्याचे.

पान मी वर्तमानपत्रात दाबून ठेवले आहे. कडेला हळदकुंकू आहे. म्हणजे ठेवणाऱ्याला घाई नव्हती. पाळीवरच्या ओल्या मातीत चपलेचा ठसा होता, तो मी पातळ कागदावर उतरवून घेतला. चप्पल बाईची. डाव्या टाचेला टायरचा तुकडा ठोकलेला, तो एका बाजूने बाहेर आलेला, खिळे वाकडे. कोणा अडाणी मोच्याचे काम. ज्याला हातोडी धरता येत नाही त्याने पोटासाठी दुसरे काही शोधावे.

यावरून दिसते की 'मी ठेवला नाही' हे आपले वाक्य शब्दशः खरे आहे. आपण स्वतः बाहेर राहिलात आणि पोरीला आत पाठवलेत. तारेला एकच छोटे दार आहे, त्याची किल्ली माझ्या टेबलाच्या खणात असते. म्हणजे चारुलता तारेखालून सरपटत गेली असणार. त्या वयात मीही तारांखालून गेलो आहे, पण अंडी फोडायला नव्हे, बघायला.

मला दुसरा मार्ग दिसत नाही. अहवालात चारुलतेचे नाव जाईल. तिला शाळेत नुकतेच नोकरीवर घेतले आहे, अजून कायम केलेले नाही, हे मला माहीत आहे. ते लिहिताना मला सुख होणार नाही. पण जे दिसले ते लिहायचे नाही तर मी इतकी वर्षे त्या तळ्यावर काय केले?

आपण खरे सांगण्याची मुदत शनिवारपर्यंत.

विश्वंभर

•

छाणी
१० ऑक्टोबर

मामा,

बाबांनी तुमचे पत्र कपाटात ठेवले होते. मी काढून वाचले. आता त्यांना सांगितले आहे, ते गच्चीत जाऊन बसले आहेत.

माझे नाव घालायचे असेल तर घाला. शाळेचे नावही घाला. आमच्या मोठ्या बेन, मुख्याध्यापिका, तशाही मला 'नवी, नवी' म्हणत असतात, त्यांना निमित्त होईल. पण घालण्याआधी एवढे वाचा.

त्या दिवशी माझ्या पायात बूट होते. कॅनव्हासचे, पांढरे. फाटकावर तुम्ही माझ्याशी एकच वाक्य बोललात, ते असे की पक्षी बघायला पांढरे घालून येऊ नये, त्यांना ते लांबून खुपते. मी तुम्हाला जवळजवळ दीड वर्षाने भेटत होते. कशी आहेस विचारले नाहीत, बूट बघितलेत, आणि तेही आता विसरलात. चटणी लक्षात राहिली.

तारेखालून सरपटत गेले असते तर माझा पंजाबी ड्रेस फाटला असता. तो माझ्या अंगावर आहे, येऊन बघा.

बाबा कोणाला तरी शब्द देऊन बसलेत, म्हणून गप्प आहेत. मी कोणाला शब्द दिलेला नाही. तुम्ही ज्या अडाणी मोच्याबद्दल लिहिलेत त्याला तुम्ही चांगले ओळखता. त्याचे ते काम बघून आई इतकी हसली होती की तिला ठसका लागला होता. तुमच्या स्वतःच्या दाराशी जा, मामा, आणि खाली बघा. तिथे दुर्बीण लागणार नाही.

चारुलता

•

हरणी
१२ ऑक्टोबर

श्री. शरच्चंद्रराव यांस,

चप्पल सापडली. टायरचा तुकडा आमच्या जुन्या स्कूटरचा आहे आणि तो मीच ठोकलेला आहे, दोन पावसाळ्यांपूर्वी. खिळे वाकडे गेले हे खरे. हातोडी हलकी होती.

सुनंदा मेथी निवडत बसली होती. मी ठशाचा कागद तिच्यासमोर ठेवला. तिने तो बाजूला केला, कारण त्याखाली तिची पाने दबत होती. मग म्हणाली, 'तुम्ही साऱ्या गावाला विचारलंत. मला विचारलं नाहीत.'

विचारल्यावर तिने सगळे सांगितले, म्हणजे घडलेले सांगितले. मी परत पाठवल्यावर आपण दोघे बाहेर उंबराखाली होतात. ती माझे जेवण घेऊन येत होती. तिने आपल्याकडून पान घेतले आणि माझ्याच डब्याच्या वरच्या कप्प्यात ठेवले. मी फाटकावर एका कुटुंबाच्या पिशवीतून शेंगदाणे काढून घेत होतो, तेव्हा ती माझ्यासमोरून आत गेली. पर्यवेक्षकाच्या पत्नीला पास आहे आणि पर्यवेक्षकाच्या डब्याला मनाई नाही. वरचा कप्पा काढून घेऊन तिने डबा टेबलावर ठेवला, खणातली किल्ली घेतली, छोट्या दाराने गेली आणि किल्ली परत ठेवली. मी तो डबा जेवलो. भाजी कोणती होती तेही आठवत नाही.

ती काही लपवायला बघत नव्हती. आपण तिला गप्प राहायला सांगितलेत, 'तो तुम्हाला जगू देणार नाही' असे म्हणालात, हेही तिने सांगितले. आपली माझ्याबद्दलची मते मला नवी नाहीत. मी आपल्याला लिहितो आहे हे तिला ठाऊक नव्हते. चारुलतेचे नाव मी घालणार होतो हे ऐकल्यावर ती उठून आत गेली, आणि तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते.

चारुलतेचे नाव अहवालात नाही. बुटांविषयी ती म्हणते ते बरोबर आहे.

मात्र अहवाल पुरा होत नाही. पान तिथेच का ठेवले? कावळे फाटकापाशीही होते. याचे उत्तर सुनंदा देत नाही. ठेवताना ती काहीतरी बोलली, तेही सांगत नाही. 'भावोजी तारेबाहेर उभे होते, त्यांना विचारा,' एवढेच म्हणाली. म्हणून आपल्याला विचारावे लागते आहे. मी सभा पुढच्या रविवारपर्यंत लांबवली आहे. बळवंतरावांना कारण हवे आहे, आणि मलाही.

दुसरे, पानावर पहिला उतरला तो घरकावळा की डोमकावळा? पाहिले असल्यास कळवावे.

विश्वंभर

•

छाणी
१५ ऑक्टोबर

विश्वंभरराव,

आता लपवायला काही उरले नाही, म्हणून लिहितो. तुमच्यासाठी नव्हे, वहिनींसाठी.

तुमच्या उंबराखाली आम्ही आधी घास ठेवला होता. तुमच्या पहिल्या पत्रात तुम्ही शहाणपणाने लिहिलेत ना, की तिथे ठेवता आला असता. ठेवला होता. कावळे वर होते. एकही उतरला नाही. चारू माझ्याकडे बघत होती आणि मी घाटावरच्यासारखा पुन्हा उभा होतो. तेवढ्यात वहिनी आल्या. त्यांनी काही विचारले नाही. पान उचलले आणि म्हणाल्या, 'भावोजी, वन्संना इथे बोलावून काय उपयोग? त्यांना आत जायचं होतं.'

आता तुम्हाला आठवत नसेल तर आठवा. दोन वर्षांपूर्वी तुमच्या सारसांना पिल्लू झाले होते. निरूचे ऑपरेशन ठरले होते, त्याआधी तिला ते जवळून बघायचे होते. मचाणावरून नुसत्या माना दिसतात, मला पाळीवर ने, पिल्लू पायांत चालताना बघू दे, असे ती तुम्हाला म्हणाली. एकदा नाही, दोनदा. तुम्ही तिला नियम अकरा सांगितलात. तारेपलीकडे विश्वस्त, कामगार आणि पर्यवेक्षकाचे कुटुंबीय. कुटुंबीय म्हणजे पत्नी आणि अविवाहित मुले. लग्न झालेली बहीण दुसऱ्या कुटुंबात मोडते. नियम तुम्हीच लिहिलेला होता. घरी येऊन ती हसत सुटली. 'दादानं मला नियम अकरानं घरातून काढलं,' असे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मी हसलो नाही. ती हसायची ते मला ऐकवत नव्हते.

घाटावर एवढेच म्हणायचे होते. चल निरू, नेतो तुला. खोटे म्हटले असतेत तरी चालले असते.

वहिनी आत गेल्या आणि मी व चारू तारेबाहेरच्या रस्त्याने पाळीच्या समोर जाऊन उभे राहिलो. त्यांनी पान मांडले, कडेला हळदकुंकू वाहिले. भातात दोन सारस दिसत होते. घरटे आहे हे वहिनींना ठाऊक नव्हते, त्यांना वाटले नुसते चरताहेत. तुम्ही घरट्याची जागा बायकोलासुद्धा सांगितली नव्हती, गुप्त ठेवायची म्हणून. हेही अहवालात घाला. मग त्या मोठ्याने म्हणाल्या, आम्हाला ऐकू यावे म्हणून असेल, 'वन्सं, या आत. मी आणलंय तुम्हाला. बघा, आहेत दोघं. आता कोण अडवतो ते मी बघते.'

त्या सरळ उभ्या राहायच्या आत कावळा आला.

कोणता ते मी पाहिले नाही. काळा होता. मला तेव्हा नीट दिसत नव्हते.

त्याच कावळ्यांनी पुढे काय केले ते तुमच्या पत्रातून कळले. त्या दोन पिल्लांची बोच मला राहील, पण तिचा हिशेब मी तुम्हाला देणार नाही. मी त्या दिवशी घरी येऊन जेवलो.

कारण हवे होते ते मिळाले. आता मला पत्र लिहू नका.

शरच्चंद्र

•

हरणी
२१ ऑक्टोबर

श्री. शरच्चंद्रराव यांस,

लिहू नका असे आपण कळवले आहे. तरी लिहितो, कारण आपल्या पत्रात एक चूक आहे आणि ती तशीच राहू देणे मला जमणार नाही.

निरुपमाने मला दोनदा नव्हे, तीनदा विचारले. तिसऱ्यांदा इस्पितळात. आपण खाली चहा आणायला गेला होतात. पिल्लू केवढे झाले, असे तिने विचारले. मी म्हणालो, उडून गेले. मग ती म्हणाली, आता तरी नेशील? मी तिला सांगितले की आता तिथे बघण्यासारखे काही नाही. हे बरोबर होते. उन्हाळ्यात तळे आटलेले असते. ८ तारखेच्या पत्रात, तिने कधी काही मागितले नाही, असे मी लिहिले आहे. ते वाक्य रद्द समजावे.

काल सभा झाली. अहवालात मी असे लिहिले: अन्न आत नेणारी व्यक्ती, पर्यवेक्षकाची पत्नी. तिला घरट्याची माहिती न देणारी व्यक्ती, पर्यवेक्षक. किल्ली उघड्या खणात ठेवणारी व्यक्ती, पर्यवेक्षक. पान तिथे ठेवण्याच्या कारणाचा रकाना मी भरला होता, पण वाचून दाखवताना तो भाग सोडला. बळवंतरावांनी आग्रह केला नाही. वन खात्याकडे अंडी गेल्याची नोंद जाईल, कोणाचे नाव जाणार नाही. मला फाटकावरून काढून मांज्याने कापलेल्या पक्ष्यांच्या पिंजऱ्यांवर ठेवले आहे. फाटकावर आता जो आहे तो गाठियाचे पुडे आत जाऊ देतो, मी कालच पाहिले.

सारस तळ्यावरच आहेत. यंदा तिसरे घरटे होणार नाही, पाणी उतरले. रिकाम्या ढिगापाशी संध्याकाळी दोघे येऊन उभे राहतात. काल सभेनंतर मी छोट्या दाराने पाळीवर गेलो आणि तिथून पाहिले. मचाणावरून माना दिसतात हे तिचे म्हणणे बरोबर होते. पाळीवरून त्यांचे पाय दिसतात, लाल, पाण्यात ठेवतात तेव्हा पाणी हलत नाही.

यावरून आपले बोलणे सुरू झाले असे समजू नये. फाटकावर मी जे केले ते नियमाप्रमाणे केले. चारुलतेला पास पाठवत नाही, भाची नियमात बसत नाही. तिने तिकीट काढून यावे, आणि बूट दुसरे घालावेत. मी पिंजऱ्यांपाशी असतो.

सुनंदा काल बोलली. चप्पल मोच्याकडे देऊन आले, असे म्हणाली.

सभेच्या शेवटी मी नियम अकरामध्ये दुरुस्ती सुचवली. पत्नी, अविवाहित मुले, यापुढे 'बहीण, विवाहित असली तरी' हे शब्द घालावेत. तळ्याच्या कामाशी याचा काय संबंध ते कोणाला कळले नाही, पण विरोधही कोणी केला नाही. बळवंतराव वहीतून मान वर न करता म्हणाले, 'का हो, तुम्हाला बहीण आहे?'

मी 'आहे' म्हणालो.

विश्वंभर